पूर्वेच्या घरी टांगलेलं उपरणं

अण्णा,

एक गंभीर तक्रार आहे. आज आठ दिवस मी उपरण्यावाचून शाळेत जातो आहे. संस्कृतच्या तासाला मुलं माझ्या मोकळ्या खांद्याकडे अशी बघतात, जणू मास्तरांचं शेपूट गळून पडलं. या अनर्थाला तुमची सून जबाबदार आहे आणि, स्पष्टच सांगायचं तर, तिच्यामागे तुम्ही.

तुम्ही गेल्यावर जन्मलेली तुमची नात, आमची थोरली, रंगूनला आहे. जावई तिथे लाकडाच्या वखारीत कारकून. तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी बोटीचा प्रवास मना केला, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. आम्ही दोघं आणि आमची धाकटी. मुहूर्त मीच काढला. माझी रजा मंजूर व्हायला मात्र अवकाश होता, तेव्हा तुमच्या शिरस्त्याप्रमाणे प्रस्थान ठेवलं. माझ्या उपरण्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून ते मुहूर्तावर घराबाहेर काढलं, म्हणजे आम्ही निघाल्यासारखेच. आता ते परत घरात आणायचं नाही, खरोखर निघू तेव्हा वाटेत उचलायचं. रंगून पूर्वेला, म्हणून पूर्वेच्या घरी ठेवायचं, आणि पूर्वेला घर एकच, तेलुगू विणकराचं. तुम्ही कपाळाला आठ्या घालाल. तुमची सून म्हणाली, "उपरणं त्यांच्याच मागावर विणलंय. माहेरीच गेलंय ते." यावर शास्त्रात मला उत्तर सापडलं नाही.

परवा त्या विणकराचा धाकटा भाऊ रंगूनहून परत आला. तिथे तो धक्क्यावर हमाली करायचा. म्हटलं, बोटीवर सोवळ्याओवळ्याचं कसं निभतं ते विचारून यावं. तो मागाशेजारी भिंतीला टेकून बसला होता, उजव्या हातावर पंचा. मी आपला नेहमीच्या सुरात, "काय रे, आमच्या लेकीचं रंगून काय म्हणतंय?"

त्याने पंचा बाजूला केला. अंगठा होता, करंगळी होती. मधे काही नव्हतं.

मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "धक्क्यावर दंगा झाला की, मास्तर. तिथली माणसं कोयते घेऊन आली."

"पण तू कुणाचं काय वाकडं केलं होतंस?"

"माणूस कोण बघतंय? धोतर बघतात. तुमी जाऊ नका." मग मागाकडे बघून म्हणाला, "तुटलेलं सूत सांधायचं म्हटलं तर आता कसं सांधू, सांगा की." त्याच्या डोक्यावर खुंटीला माझं उपरणं लोंबत होतं, मंगल अक्षतांसकट.

घरी आलो तेव्हा तुमची सून जात्यावर मेतकूट दळत होती. मी सांगितलं. जातं थांबलं. तिने फडताळातून लेकीचं पत्र काढलं. मेतकूट, सांडगे, डिंक, बाळाला मऊ दुपटी, आणि अगदी शेवटी, "येताना दाराला एक भक्कम कुलूप आणा, इथली हलकी असतात." पत्र आलं त्या दिवशी मी या ओळीवर विनोद केला होता, की जावयाकडे सोनं फार झालेलं दिसतं. आता आम्ही ती ओळ पुन्हा वाचली आणि एकमेकांकडे बघितलं नाही.

"मी जाते," ती म्हणाली. "तुम्ही धाकटीला घेऊन राहा हवं तर."

"वेडी आहेस का?"

"प्रस्थान बाहेर पडलंय. ते मागे घेत नाहीत. तुमच्याच घरची रीत ना?"

अण्णा, आठवतं? मी आठ वर्षांचा आहे. आई तान्हीला घेऊन वैरागला माहेरी निघाली आहे, तिच्या प्रस्थानाचं गाठोडं शेजारच्या घरी ठेवलेलं. गाडीवान दारात उभा राहून सांगतो आहे, "मालक, वैरागात पटकी लई हाय. चार दिस थांबा की." तुम्ही पंचांगातून मान वर करत नाही. मी धावत जातो, गाठोडं उचलून आणतो, तुमच्या पुढ्यात ठेवतो. आईने जाऊ नये, एवढंच मला हवं असतं. तुम्ही माझा उजवा कान पिळता आणि कानाला धरूनच मला शेजारच्या ओट्यापर्यंत नेता, गाठोडं जिथलं तिथे ठेवायला लावता. (हा कान डाव्यापेक्षा लांब आहे, हे तुमच्या सुनेचं निरीक्षण.) पंधरा दिवसांनी आई आली. तान्हीचं दुपटं घडी घालून हातात होतं. त्यानंतर घरात तान्हीचं नाव कुणी घेतलं नाही. तुम्ही कुणाला प्रवासाचा मुहूर्तही दिला नाही. का, ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कानाची भीती.

आज शनिवार, शाळा सकाळची. येताना मी विणकराकडे वळलो. घरात तो भाऊ एकटाच होता. त्याने डाव्या हाताने उपरणं खुंटीवरून काढून दिलं. "बरं केलंत, मास्तर," म्हणाला. ते आता माझ्या मेजाच्या खणात आहे, गाठ न सोडलेलं. स्वयंपाकघरात जातं चालू आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

हे पत्रही त्याच खणात जाईल. तिला काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवून ठेवली आहेत: काळ वाईट, धाकटीची जबाबदारी, दंगा शमला की बघू. सगळी खरी आहेत. दंग्याची भीती वाटते, तीही खरी. पण अण्णा, उपरणं हातात आलं तेव्हा मला हलकं वाटलं. लेक तिकडे दाराला कुलूप मागते आहे, आणि तिच्या बापाला हलकं वाटलं. मला त्याचीच भीती वाटते.