पांढऱ्या चकतीवरचा ठसा

६ ऑक्टोबर, सोमवार
डबी उघडताना डोरीनने श्वास रोखला, म्हणून मीही रोखला. आत पांढरी चकती होती, बिस्किटाएवढी. तिच्यावर पडलेला प्रकाश जवळजवळ सगळा परत येतो. रंग, कापड, विमानाचा लेप, आमच्या प्रयोगशाळेत जे मोजायला येतं ते आधी हिच्याशी ताडून पाहतात. ही शंभर, बाकी सगळं हिच्या खाली. उघड्या बोटाने शिवायचं नाही. डोरीन म्हणाली, माझ्या नवऱ्याला खुशाल हात लाव, हिला लावलास तर बघ. एकतीस वर्षं ती ही चकती सांभाळते आहे. मार्चमध्ये निवृत्त होईल. मी टोलेडोची, म्हणून तिने माझं नावच टोलेडो पाडलं. दुपारी तिच्या डब्यातले पिएरोगी, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, अर्धे मला दिले. रॉचेस्टरमध्ये पहिल्याच दिवशी इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर
चष्मा पुसायला हातमोजा काढला आणि तशीच चकती उचलली. अंगठा मधोमध टेकला. डाग काही दिसला नाही. डोरीन खाली कॉफी आणायला गेली होती. ती परत आली तोवर मी डबी बंद केली होती. सगळं ठीक ना, तिने विचारलं. मी मान डोलावली. माझ्यासाठीही कॉफी आणली होती तिने.

१६ ऑक्टोबर
भिंतीचा साधा पांढरा रंग मोजला. एकशे दोन. टाकला त्याहून जास्त प्रकाश परत आला. असं होऊ शकत नाही. चकती मळली असेल तरच तसं दिसतं. डोरीनने यंत्राला म्हातारी गाढवीण म्हटलं. मी तिच्याबरोबर हसले.

२० ऑक्टोबर
डोरीन डबीची किल्ली माझ्याकडे ठेवून दंतवैद्याकडे गेली होती. मी चकती नळाखाली बारीक सँडपेपरवर घासली. साफ करायची रीत तीच आहे. पांढरी भुकटी वाहून गेली. वाळल्यावर पाहिलं, तर अंगठा उमटलेला. आधी नव्हता.

२२ ऑक्टोबर
पुन्हा घासली. मी वरचा थर काढते, तो खालून येतो. अधिक स्पष्ट. आज भिंतीचा रंग एकशे नऊ.

२४ ऑक्टोबर
प्रयोगशाळेचे प्रमुख, हॉल्वर्सन, यांनी महिन्याभरातली सगळी मोजमापं रद्द केली. सगळ्यांसमोर डोरीनला विचारलं, हा अंगठा कुणाचा? ती म्हणाली, डबीची किल्ली माझ्याकडे, तर दुसऱ्या कुणाचा असणार? मग हळूच मला म्हणाली, घाबरू नकोस टोलेडो, तुझ्यावर येऊ देणार नाही.


२७ ऑक्टोबर
फोन माझा अंगठा ओळखत नाही. अंगठ्यावर रेषाच नाहीत. गुळगुळीत. पांढरा. यंत्राखाली धरला.
नव्याण्णव. तांबड्यात, हिरव्यात, निळ्यात — सगळीकडे नव्याण्णव.
माणसाची कातडी इतका प्रकाश परत —

२८ ऑक्टोबर
यंत्राचा दिवा बंद केला. शून्य यायला हवं. अकरा. मग बावीस. काळ्या कापडाखाली चकती, आणि तरी उजेड — अंगठ्याच्या आकाराचा —
चिमटीत धरून डबीत टाकली. गरम होती.

२९ ऑक्टोबर
तर्जनीही गेली. हात खिशातून काढत नाही. डोरीनने विचारलं, थंडी वाजते का गं?
चार वाजता हॉल्वर्सननी तिला वर बोलावलंय. कामावरून काढून टाकणार. चार वाजायला दहा मिनिटं आहेत. मी वर जाते. हात दाखवते. सांगते की तिने नाही, मीच —

३० ऑक्टोबर, सकाळ
मी वर गेले नाही. साडेनऊला डोरीन तिचं खोकं घेऊन निघाली. दारात थांबून तिने मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, तू तरी नीट सांभाळ. मी हो म्हटलं.