टेपखालचा दोरा

इलिनॉय, सप्टेंबर २००६

प्रिय भावनावहिनी,

जय भीम. गिरजामावशींचे गुडघे आता कसे आहेत? हे पत्र त्यांना वाचून दाखवण्याआधी तुम्ही एकट्याने वाचा. सातवीनंतर माझ्या हातात पेन कमी आणि पाना जास्त, त्यामुळे अक्षर चालवून घ्या. फोनवरच बोललो असतो, पण इथला फोन पुरुषोत्तमकाकांच्या स्वयंपाकघरात आहे, आणि मी बोलायला लागलो की काकांना नेमकी तहान लागते.

तुम्ही मला येऊ नको म्हणाला होतात. सुभाषभाऊ जिथे गेले तिथेच तू काहून जातोस, असं विचारलंत आणि मी हसून टाळलं. मला एका जागी राहवत नाही हे खरंच आहे. कामठी रोड, बुटीबोरी, सुरत, सगळीकडून पळालो. काकांना शेतावर नवीन माणूस हवा होता, सीझनचा व्हिसा मिळत होता, अमेरिका बघायची होती. आता बघतोय. शिकागोजवळच्या शॉमबर्गपासून तासभर पश्चिमेला या, मग मका, मका आणि मकाच. मध्ये आमचं भोपळ्यांचं शेत. पानगळीच्या दिवसांत शॉमबर्गची आपली माणसं पोरं घेऊन येतात, ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून चक्कर मारतात. लताकाकू त्यांना मसाल्याचा चहा देतात, पोरं ‘फास्टर, अंकल!’ म्हणून ओरडतात म्हणे. ती ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर तोच आहे, वहिनी. लाल, १९४८चा. भाऊ ज्याच्याखाली गेले तो.

गेल्या ऑक्टोबरपासून तो कोठारात ताडपत्रीखाली होता. या उन्हाळ्यात काकांनी ताडपत्री ओढली आणि म्हणाले, प्रितम, याला बारा व्होल्टचा कर. डायनामो काढून अल्टरनेटर बसव, वायरिंग सगळी नवी टाक, आणि जुनी एक तार शिल्लक ठेवू नकोस, ड्रममध्ये जाळून टाक. मी म्हटलं, काका, तांबं आहे, आपल्याकडे भंगारवाला दारात उभा राहतो यासाठी. एरवी माझ्या फालतू जोकलाही हसणारे काका हसले नाहीत.

जुना ट्रॅक्टर सहा व्होल्टवर चालायचा, आणि त्याचं सगळं उलटं. आपल्याकडे बॅटरीची मायनस बॉडीला लावतात, याच्यात प्लस बॉडीला. मला वाटलं, कोणीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं, त्या काळी तसंच बनवायचे. पण तेव्हापासून डोक्यात बसलं की या गाडीत सरळ दिसेल ते सरळ असेलच असं नाही. वायरींवरच्या कापडाचा बोट लागताच भुगा होत होता, उंदरांनी मध्येच घरटं केलं होतं. आणि त्या सगळ्या घाणीत जागोजागी भाऊंनी केलेले जोड. बघून कळलं नाही, अंगठा फिरवला तेव्हा कळलं. इंदोऱ्याच्या गॅरेजात आम्हा दोघांना उस्ताद काय शिकवायचे ते तुम्ही भाऊंकडून ऐकलंच असेल. पत्र्याखालच्या मे महिन्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, म्हणून टेपचा एक थर, त्यावर दोरा बांधायचा, गाठ मारायची आणि वरून दुसरा थर. दोरा दिसत नाही, पण अंगठ्याला गाठ लागते. या बर्फाच्या मुलखात त्याची काय गरज? तरी भाऊंनी एक जोड सोडला नाही. मी एक उकलून बघितला. हिरवा दोरा होता, तुमच्या शिलाई मशीनचा. रीळ त्यांच्या हत्यारांच्या डब्यात अजून आहे. वहिनी, तो जोड मी कापून खिशात ठेवला.

मग गिअरच्या बाजूला आलो. भाऊंनी तिथे लावलेला स्विच तुम्हाला माहीत आहे, फोनवर त्यांनी तुम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. गाडी गिअरमध्ये असेल तर सेल्फ लागणारच नाही, न्यूट्रल असेल तरच लागेल. पोरंटोरं आजूबाजूला असतात म्हणून त्यांनी तो आपल्या मनाने बसवला. त्या भरवशावरच ते खाली, चाकापुढे उभे राहून बटण दाबायचे. गिअरमध्ये असली तर सेल्फच घेणार नाही, मग भीती कसली. काकांनी तुम्हाला काय सांगितलं? सुभाषनेच कंटाळून तो स्विच बाद केला होता, वायरी त्यानेच जोडून टाकल्या, आपल्याच बेफिकिरीने गेला. शेरिफच्या माणसालाही तेच सांगितलं. गिरजामावशी वर्षभर तेच घोकतायत, माझा पोरगा एवढा बेफिकीर होता का रे.

स्विच जागेवर होता, दिसायला धड. त्याच्या मागे मात्र दोन्ही वायरी एकमेकींना जोडलेल्या. मी त्या जोडावर अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला. गाठ नाही. आणि टेपचं शेवटचं टोक नीट दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी नखाने शोधावं लागू नये म्हणून. तसं टोक या घरात कोण दुमडतं ते मला ठाऊक आहे. लाडवाच्या खोक्यावर, बागेच्या पाइपवर, माझ्या खोलीच्या फुटक्या काचेवर, सगळीकडे काकांची टेप तशीच असते.

मी काकूंना काही विचारलं नाही. त्याच एकदा भाजी निवडताना बोलून गेल्या. म्हणाल्या, सुभाष गेला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, किती फजिती झाली रे, तो सामान आणायला शॉमबर्गला गेलेला, इथे लोकांची रांग आणि ट्रॅक्टर काही केल्या चालू होईना, शेवटी यांनीच काहीतरी करून चालू केला. एवढं बोलल्या आणि अर्धवट निवडलेली भाजी उचलून नळाकडे गेल्या. कदाचित पावसाने स्विच ओला झाला असेल. काकांनी वायरी जोडल्या, संध्याकाळी उतारावर ब्रेक धरत नाही म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली, आणि भाऊंना सांगायचं राहिलं. रविवारी सकाळी भाऊंनी आपल्या स्विचवर भरवसा ठेवून बटण दाबलं.

काका राक्षस नाहीत, वहिनी. हिवाळ्याचं जाकीट त्यांनीच मला स्वतःचं दिलं. पण ते घाबरलेले आहेत आणि मला त्याचीच धास्ती वाटते. तारा जाळल्या त्या संध्याकाळी ते ड्रममध्ये काठी फिरवत उभे होते. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, गिअरकडचा तुकडा यातच टाकलास ना? मी हो म्हटलं. तेव्हापासून मी काम करतो तेव्हा कोठाराच्या दारात ते उभे असतात. नव्या वायरिंगमध्ये मी पुन्हा तसाच स्विच बसवला तर म्हणाले, काढ तो, अँटिक गाडी आहे, साधी ठेव. मी काढला नाही. काल सकाळी बघतो तर त्या बाजूच्या झाकणाचा स्क्रू सैल, त्याच्या खाचेत ताजा ओरखडा. आत सगळं जागेवर होतं. कोणी फक्त बघून गेलं असेल. रोज सकाळी बटणाला हात लावायच्या आधी मी आत अंगठा फिरवतो. पूर्वी ही गाडी दोन-तीनदा कण्हल्याशिवाय उठत नसे. आता बारा व्होल्टवर बोट लागलं की उसळते.

निघून का येत नाहीस, असं तुम्ही म्हणाल. पासपोर्ट सीझन संपेपर्यंत काकांच्या कपाटात आहे. मागितला तर म्हणाले, कुठे पळायचंय का तुला?

उद्या या वर्षाची पहिली चक्कर. काका म्हणाले, सकाळी तू चालू कर, मी लोकांना बसवतो. हे पाकीट शॉमबर्गच्या आसावरीताईंच्या हातात देतोय, त्या काकूंकडे चहाला येतात आणि आज रात्रीच्याच विमानाने नागपूरला निघाल्यात. पत्रासोबत दोन तुकडे आहेत. एकात तुमचा हिरवा दोरा आहे, तो भाऊंचा जोड. दुसऱ्यात दोरा नाही, टेपचं टोक दुमडलेलं आहे. त्याला हात न लावता चांगल्या वकिलाकडे द्या, आणि मावशींना सांगा, तुमचा पोरगा बेफिकीर नव्हता. मी नव्या वायरिंगचा प्रत्येक जोड भाऊंच्या डब्यातल्या त्याच रिळाने बांधलाय. म्हणून एक लक्षात ठेवा. उद्या-परवा काकांचा फोन आला आणि प्रितमनेही आपला स्विच स्वतःच बाद केला होता असं ते म्हणाले, तर रडायच्या आधी त्यांना तो जोड उकलून दाखवायला सांगा. आत हिरवा दोरा नसेल, तर तो माझा नाही.

तुमचाच,
प्रितम