चामटोलीच्या केकवरचा हार

मी, हिरामण गोविंद देशले, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, धंदा पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवण्याचा, नंतर घरी केकवर साखरेची फुले करण्याचा आणि सध्या काहीच नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. हृदय ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला आहे, पण तो जोडायची गरज नाही असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला म्हणून तरी कोणी घरी आले असते तर बरे वाटले असते.

वकिलांनी मोकळ्या जागा सोडलेला छापील नमुना दिला होता. मला जे लिहायचे आहे ते त्या जागांत बसेना, म्हणून कोरे कागद घेतले. हात थोडा हलतो, तरी अक्षराबद्दल कोणी शंका काढू नये. एके काळी बदलापूर ते अंबरनाथ निम्म्या दुकानांवर हेच अक्षर होते.

१. माझी माणसे. पत्नी संजीवनी अकरा वर्षांपूर्वी वारली. मुलगा एकच, कैलास. त्याचे उल्हासनगरात मोबाईलचे दुकान आहे आणि सहा वर्षांपासून तो तिकडेच दुसऱ्या बाईबरोबर राहतो. त्याची लग्नाची बायको अक्षदा माझ्याजवळ राहते. त्यांना मूलबाळ नाही. ती माझ्याजवळ का राहिली हे मी तिला कधी विचारले नाही. विचारले आणि तिलाच प्रश्न पडला तर काय घ्या, अशी भीती वाटायची. हा कागद मी घर कोणाला द्यायचे एवढ्यासाठी लिहीत नाही. माझ्यामुळे तिच्या नावाला जो डाग लागला तो जिवंतपणी मला पुसता आला नाही, म्हणून लिहीत आहे.

२. घर. कात्रपचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. तो मी अक्षदाला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. तिने त्यात राहावे, तो विकावा किंवा दुसरे लग्न करून नवऱ्याला इथे आणावे, कोणी चकार शब्द काढायचा नाही. पोस्टातली ठेवही तिचीच. गेल्या गणपतीत कैलास आला होता. म्हणाला, "पप्पा, रेट मस्त चाललाय, विकून टाकू. तुम्ही माझ्याकडे या ना." मी म्हटले, "आणि अक्षदा?" त्यावर त्याला नेमका फोन आला.

३. कैलासला काय. त्याने दुकान उघडले तेव्हा मी आठ दिवस खपून त्याला पत्र्याचा बोर्ड रंगवून दिला होता. 'कैलास मोबाईल', लाल अक्षर, पिवळी सावली. चार महिन्यांत त्याने तो उतरवून फ्लेक्स लावला आणि बोर्ड माझ्या माळ्यावर आणून टाकला. तो बोर्ड त्याला परत द्यावा. रंग अजून टवटवीत आहे. त्याच्यावर माझा राग आहे, हे लिहून ठेवतो, नाहीतर मेलेला बाप सगळे विसरला असे तो लोकांना सांगत फिरेल.

४. हत्यारे. फ्लेक्सची यंत्रे आली आणि माझे ब्रश डब्यात गेले. तीन वर्षे मी नुसता गॅलरीत बसून होतो. अक्षदाने केकचा क्लास केला आणि एक दिवस माझ्यापुढे पांढरा गोळा ठेवला. "बाबा, हा फॉन्डंट. साखरच आहे. कणकेसारखा मळायचा, पोळीसारखा लाटायचा आणि केकवर पांघरायचा. फुलं तुम्ही करा, मला नाही जमत." तिला फुले जमत होती. माझ्यापेक्षा बरी जमत होती. हे मला वर्षभराने कळले, तोवर मी पुन्हा माणसात आलो होतो.

मग तिने फोटो छापायचा प्रिंटर घेतला. खायच्या शाईच्या चार बाटल्या आणि साखरेचा कागद. फोटो छापायचा, कागद फॉन्डंटवर चिकटवायचा, वर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही, नाहीतर नवरदेवाचे नाक ओघळते. मी म्हटले, इथेही यंत्र आले का माझ्या मागे! जो चेहरा काढायला मला दोन दिवस लागत, तो दोन मिनिटांत बाहेर. तरी कडेची फुले माझ्याकडे राहिली. उल्हासनगरचा हरेशभाई, ज्याच्याकडून आम्ही सामान घेतो, तो सांगायचा, "पेंटरसाब, मशीन रोज चलाने का, नहीं तो नोझल जाम!" म्हणून ऑर्डर असो नसो, मी रोज सकाळी चार रंगांची एक पट्टी छापतो आणि खाऊन टाकतो. दीड वर्ष झाले, प्रिंटरने दुसरे काही छापलेले नाही. तो प्रिंटर, लाटणी, साचे, फुले वळायच्या सळया आणि माझे ब्रश सर्व अक्षदाला. पट्टी रोज काढावी. बंद पाडू नये.

५. चामटोली. आता मुख्य गोष्ट. हे कलम माझ्या मृत्यूनंतर मोठ्याने वाचावे.

चामटोली गावच्या नाथा टेंबेने आईच्या, म्हणजे पुतळाबाईंच्या, ऐंशीव्या वाढदिवसाचा केक आम्हाला सांगितला. दोन मजली, वर आईचा फोटो. फोटो पासपोर्टचा दिला, निळा पडदा, डोक्यावर पदर, नजर समोर. अक्षदाने तो छापून केकवर चिकटवला आणि खोके आणायला उल्हासनगरला गेली. जाताना म्हणाली, "बाबा, फोटोला कडेनं छान किनार करा."

किनार करा, एवढेच ती म्हणाली होती.

चाळीस वर्षे माझ्याकडे असे फोटो यायचे. लोक एवढासा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "पेंटर, मोठा करून द्या, आई गेली." मी चेहरा काढायचो, आईला जरा हसरी करायचो आणि शेवटी चंदनाचा हार रंगवायचो. फोटो तसा पुढे आला की माझा हात तिकडेच वळायचा. त्या दिवशीही वळला. मी फॉन्डंटच्या पातळ पातळ चकत्या वळल्या, चंदनी रंग दिला, वरच्या दोन कोपऱ्यांतून खाली सोडल्या आणि मधोमध गोंडा लावला. खोटे कशाला बोलू, मला ते काम फार आवडले होते. अक्षदा उशिरा आली, रिक्षा खाली उभी. तिने न बघता खोक्याचे झाकण लावले, कारण माझ्या हातावर तिचा भरवसा होता.

चामटोलीत मंडपात दीडशे माणसांसमोर झाकण उघडले. जिवंत बाईच्या फोटोला हार! नाथाच्या बायकोने तोंडाला पदर लावला. तेव्हा कुठे मला दिसले मी काय केले ते. मी तोंड उघडायच्या आत अक्षदा पुढे झाली आणि म्हणाली, "माझी चूक आहे दादा. मी केलं. माफ करा." आणि मी तिथे केकचे स्टँड हातात धरून उभा होतो. बोललो नाही. मी घाबरलो होतो. म्हातारपणी दीडशे माणसांत माझी लाज जाईल म्हणून मी सुनेची जाऊ दिली.

पुतळाबाई मात्र हसल्या. खुर्चीतून वाकून त्यांनी हाराची एक चकती तोडली आणि म्हणाल्या, "मेल्यावर कोन खायाला घालतंय रं? आताच खाऊन घेतंय!" आणि खाल्ली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण एकोणिसाव्या दिवशी त्या झोपेतच गेल्या आणि त्यांचे हसणे कोणाच्या लक्षात राहिले नाही. हार तेवढा राहिला. चामटोलीत बोलले गेले, कात्रपला आले, बायकांच्या ग्रुपवर फिरले की नवऱ्याने टाकलेली बाई, तिच्या हाताला गुण नाही. पाडव्याला आपण लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतो, संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतो, साखरेने कोण मेले आहे? हे मी लोकांना समजावून पाहिले. ऐकून घेतात, मान हलवतात आणि केक दुसरीकडून आणतात.

मी नाथाकडे तीन वेळा गेलो. खरे ते सांगितले, पण मंडपात त्या दिवशी नाही, त्यानंतर दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांनीच घात केला. पहिल्यांदा तो म्हणाला, "पेंटर, तुमी सुनेला पाठीशी घालताव. मला काय कलत नाय का? तिनं सोताच्या तोंडानं सांगितलंय." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने मला पाणी दिले आणि माझी कीव केली. खरे बोलूनही ते खरे ठरत नाही, यापुढे माणसाने काय करावे ते मला कळत नाही. अक्षदा आता अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जाते. शिफ्टवरून येते आणि म्हणते, "टेन्शन नका घेऊ बाबा, लोक विसरतात." लोक विसरत नाहीत. मी तिच्यासमोर रडलोही, तर तिने मला चहा करून दिला.

म्हणून इथे लिहितो: हार मी केला. एकट्याने केला. अक्षदाने तो खोके उघडेपर्यंत पाहिलाही नव्हता. मरणाऱ्याचे लिहिलेले लोक खरे मानतात असे म्हणतात. तेवढ्यासाठी तरी माना.

६. व्यवस्थापक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी श्री. नाथा पदू टेंबे, चामटोली, यांना नेमत आहे. त्यांनी होकार दिला आहे. त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो मीच रंगवला होता, त्याची जाण ते ठेवतात. मजकूर काय आहे ते मी त्यांना सांगितलेले नाही. माझ्या तोंडून ते ऐकणार नाहीत, पण व्यवस्थापक झाल्यावर वाचावे तर लागेल. याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणू दे.

७. तेरावे. माझ्या फोटोला फुलांचा हार नको. तेराव्याला गोड करतातच. त्या दिवशी अक्षदाने फॉन्डंटचा हार करावा, तिच्या हाताने, चंदनी रंगाचा, मधोमध गोंडा. तो माझ्या फोटोला घालावा आणि सर्वांसमोर त्याची पहिली चकती नाथाने तोडून खावी. नाथाने खाल्ली तर चामटोली खाईल आणि चामटोलीने खाल्ली तर कात्रप. वकील म्हणाले की असे कोणाला खायला लावता येत नाही, हे कलम कायद्यात टिकणार नाही. मला माहीत आहे. म्हणून ही अट नाही. नाथा, तुझ्या आईने खाल्ली होती. तू एक खा.

वरील सर्व मी शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहिले आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करीन इतका वेळ दिसत नाही. माझी सही खालील दोघांच्या डोळ्यांदेखत केली आहे.

हिरामण गोविंद देशले (सही)
स्थळ: कात्रप, बदलापूर पूर्व
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: मधु हरी सोनावणे, तळमजला, याच इमारतीत. (सही)

साक्षीदार २: नाथा पदू टेंबे, चामटोली. (सही)
पेंटरने माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचला नाही, चष्मा घरी राहिला. सूनबाईंनी चहा आणला होता, तो घेतला नाही.