उत्तराची पाळी आणि माझा डॅशबोर्ड

२ मार्च
उत्तराची पाळी आली. दोन वर्षं मूल हवंय, आणि दर महिन्याला बिचारी बाथरूममधून डोळे पुसतच बाहेर येते. मला बघवत नाही. ठरलं, हा प्रोजेक्ट आता मी घेणार. नोएडात अख्खी टीम चालवतो, एक बायको काय! अ‍ॅप घेतलं. त्यावर स्वतःचा डॅशबोर्ड बांधला.

१५ मार्च
ओव्ह्युलेशन. डॅशबोर्ड हिरवा. उत्तरा म्हणाली, आज तसं काही वाटत नाहीये यार. म्हटलं, वाटण्यावर डिलिव्हरी होत नसते.

२२ मार्च
आज उत्तरा भलतीच लाडात. पण डॅशबोर्ड लाल. क्लायंटचं प्रेझेंटेशन करत बसलो. शिस्त माझ्यात उपजतच आहे.

३१ मार्च
तारीख उलटली! आईला फोन करून टाकला. उत्तराचं आपलं एकच, माझी उशिराच येते. स्वभावच निराशावादी, काय करणार.

६ एप्रिल
पाळी आली. आईला आता तूच सांग, असं उत्तराला सुचवलं. सुचवायला नको होतं.

५ मे
पुन्हा तारीख उलटली! या वेळी फोन नाही, फक्त पेढे आणले. मी अनुभवातून शिकतो.

११ मे
पेढे ऑफिसात वाटले. अप्रेझलचे म्हणून सांगितलं.

१६ मे, करोल बाग
डॉक्टरबाईंपुढे लॅपटॉप उघडला. त्यांनी एक नजर टाकून तो मिटला आणि उत्तराला विचारलं, पाळी किती दिवसांनी येते? ती म्हणाली, पस्तीस, पहिल्यापासून. मग बाई माझ्याकडे वळल्या. ये अट्ठाईस कहाँ से लाए?
तो आकडा अ‍ॅपमध्ये आधीच भरलेला होता. मी बदलला नाही. उत्तराला विचारायला हवं होतं, हे सुचलंच नाही.
बाई म्हणाल्या, म्हणजे दोन्ही महिने तुमचा आठवडाच चुकला. मेट्रोने परत निघालो. राजीव चौक आल्यावर उत्तरा म्हणाली, पुढच्या वेळी दिवस मी सांगेन. बिल्कुल, म्हटलं. मी मोकळ्या मनाचा आहे.

३१ मे, रविवार
सकाळपासून डॅशबोर्ड पस्तीसच्या हिशोबाने नव्याने बांधतोय. उत्तरा दोनदा खोलीत येऊन गेली, काहीतरी सांगायचं होतं म्हणे. म्हटलं, पाच मिनिटं. जेवणही लॅपटॉपसमोरच झालं.

१ जून
डॅशबोर्ड तयार. अप्रतिम. हिरवा दिवस मात्र कालचा निघाला. उत्तराला दाखवायला गेलो. म्हणाली, माहितीये, दोनदा तेच सांगायला आले होते.