दोन बाटल्या, एक ताट

ता. ४ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या औषधशास्त्र विभागापुढे मी हात टेकले. गुडघेदुखीच्या गोळ्या तपासायला माणसं मिळेनात, म्हणून मी आणि तुझी अक्कामावशी आलो. बाटल्या दिल्यात आणि वर सांगितलंत की निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या, आणि कुणाला काय हे तुम्हालाही ठाऊक नाही. मग तुम्हाला पगार कशाचा देतात?

अक्काचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. दोन वर्षांत ती माझा जिना चढलेली नाही. मला औषध आणि तिला पीठ आलं असलं तर, हे मला बघवेना. म्हणून आम्ही दोन्ही बाटल्या एका ताटात ओतल्या, कालवल्या आणि सारख्या वाटून घेतल्या. गेला महिना त्याच घेतोय. लहानपणापासून आमचं असंच आहे. काळजी नसावी.
तुझी आई

ता. ९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. पत्र वाचून डोकं धरून बसले. अगं, कुणाला काय मिळालं हे माहीत नसणं, हाच तर सगळा खेळ. माहीत असलं की माणूस बरं वाटतंय म्हणतो आणि आम्हीही तेच ऐकतो. तुम्ही त्याचा पार विचका केलात. सरांना सांगावंच लागलं. ते आधी हसले, मग भडकले, आणि दोघींना प्रयोगातून काढलं. आता बदली माणसं मिळेपर्यंत माझा प्रबंध लांबला. इतरांच्या आया नुसतं लग्नाचं विचारून छळतात.

काढल्यावर सरांनी तुमच्यापुरतं पडताळून पाहिलं. दोघींच्याही बाटलीत पीठच होतं. पिठात पीठ कालवलंत. अक्कामावशीला सांगून टाक आणि उरलेल्या गोळ्या परत पाठव.
लोभ आहे, पण सध्या रागाखाली दबलाय.
तुझी ठकू

ता. १४ ऑगस्ट

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा अक्का माझ्याकडेच बसली होती. जिना चढून आली होती, एकटी, कठडा न धरता. म्हणाली, गोळ्यांनी पाय मोकळे झाले. ठकू काय म्हणते असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तुला नमस्कार सांगितलाय.

माझे गुडघे आहेत तसेच ठणकतायत. प्रबंधाचं फार वाईट वाटतं गं. दोन बायका मी शोधून देते, वाटावाटी न करणाऱ्या. पण गोळ्या परत मागू नकोस. माझ्या वाट्याच्याही मी अक्काच्या बाटलीत घातल्यात. संपत आल्या की सरांकडून आणखी पीठ आण. रंग तोच हवा.
राग उतरला की ये.
तुझी आई