फेरीचा शेवटचा थांबा

मी, ग्रासियाना लार्किन, माहेरची इटुरी, वय अठ्ठ्याहत्तर, वडील पेल्लो इटुरी, धंदा मेंढपाळ, आई काटालिन, धंदा स्वयंपाक, राहणार इटुरी खानावळ, मेन स्ट्रीट, ड्राय फोर्ड, नेवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. हृदयाची तक्रार आहे, आणि त्यासाठी सोमवारी रीनोच्या डॉक्टरांकडून छाती उघडून घ्यायची आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट, आज राहू दे, उद्या लिही, असे म्हणणारेच जास्त भेटले. लिहिताना मी सारखी उठून खिडकीपाशी जाते आहे, तेव्हा अक्षर एकसारखे दिसले नाही तर त्यात दुसऱ्या कोणाचा हात आहे असे समजू नये.

यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द. पहिले नवऱ्याच्या नावे होते आणि तोच आधी गेला. दुसरे मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम १. बँकेत जे काही शिल्लक राहील ते माझी भाची आर्लेट हिला मिळावे. ती दर रविवारी फोन करून "मावशी, जेवलीस का?" असे विचारते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. माझा नवरा व्हर्नन लार्किन पाट्या रंगवण्याचे काम करी. त्याचे ब्रश, हात टेकवायची काठी आणि रंगांचे डबे भित्तिचित्रे काढणाऱ्या टॅमसिनला द्यावेत. ब्रश वापरून झाले की तेलात बुडवून, टोक जुळवून ठेवायचे असतात, हे तिला ठाऊक आहे. गावातल्या प्रत्येक दुकानावर व्हर्ननचे अक्षर आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. कबरस्तानातल्या त्या एका पाटीचा मात्र वाटत नाही. ती त्याने रंगवली त्या उन्हाळ्यात मी त्याच्याशी बोलले नाही. "अगं, कमिटीचं काम आहे, मी नुसती अक्षरं काढली," एवढेच तो म्हणत राहिला.

कलम ३. खानावळीची इमारत. खालचा जेवणाचा हॉल, लांब टेबलासकट, गावाच्या वारसा समितीला द्यावा. त्या टेबलावर प्लास्टिक अंथरू नये. आता पश्चिमेच्या भिंतीबद्दल.

थांबा, बाहेर गोळीबार सुरू झाला. आज शनिवार. दर शनिवारी आमच्या रस्त्यावर खोट्या गोळ्यांची लढाई होते आणि माझा धाकटा दीर रॉय्स, वारसा समितीचा अध्यक्ष, शेरीफ होऊन दरोडेखोराला ठार करतो. हॉलिस न्हावी काळा कोट घालून मयतवाला होतो आणि टेप घेऊन गाव पाहायला आलेल्या पाहुण्यांची शवपेटीसाठी मापे घेतो. लोक हसून हसून बेजार होतात. खाण बंद पडली, हमरस्ता पलीकडून गेला, तेव्हापासून हे गाव याच करमणुकीवर आणि गाव दाखवणाऱ्या आमच्या पायी आणि बसच्या फेऱ्यांवर तगून आहे. सकाळची फेरी मी स्वतः नेते. तेव्हा मी फेऱ्यांच्या वाईटावर आहे असे रॉय्सने कुठे सांगितले तर ते खोटे समजावे.

तर भिंत. हमरस्त्यावरून दिसेल अशी गावात तेवढी एकच भिंत आहे. समितीला तिच्यावर डावखुऱ्या डॅल्बीचे चित्र हवे आहे. घोडा उधळलेला, पिस्तूल रोखलेले. डॅल्बी हा दरोडेखोर होता खरा, पण त्याने ड्राय फोर्डमध्ये पाऊल ठेवल्याचे कोणीही पाहिलेले नाही. तरी चित्र काढा. भिंत मी समितीला कायमची देते, पण एका अटीवर: कबरस्तानातली डॅल्बीच्या नावाची पाटी आधी निघाली पाहिजे, कारण तिच्याखाली माझी आई आहे.

हे कसे झाले तेही लिहून ठेवते. स्पेन-फ्रान्सच्या डोंगरातून इथे आलेल्या आम्हा बास्क लोकांचे मेंढपाळ डोंगरमाथ्यावर दगडावर दगड रचून माणसाएवढा मनोरा उभा करतात. धुक्यात वाट चुकू नये म्हणून, आणि महिनोन् महिने बोलायला कोणी नसते म्हणूनही. त्याला आम्ही दगडी पोरगा म्हणतो. आई वारली तेव्हा वडील मेंढ्यांबरोबर वर होते. निरोप मिळून ते खाली येईपर्यंत तिला पुरून झाले होते. त्यांनी दगड गोळा केले आणि तिच्या उशाशी दगडी पोरगा रचला. त्यांना तेवढेच येत होते. मी सहा वर्षांची होते, दगड उचलून देत होते.

पुढे समितीला फेरीसाठी एक थडगे हवे झाले. कोपऱ्यातले दगड पाहून त्यांनी ठरवले की कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून दरोडेखोरावर रचलेले असणार, आणि व्हर्ननकडून डॅल्बीच्या नावाची पाटी रंगवून घेतली. मेंढपाळांच्या गावात राहून एकालाही दगडी पोरगा ओळखता आला नाही. आता पाहुणे जाताना नशीब फळफळावे म्हणून एकेक दगड खिशात घालून नेतात आणि रॉय्स दर वसंतात खाणीतून गाडीभर नवे आणून ओततो. वडिलांनी रचलेला एक तरी दगड आता तिथे उरला असेल असे मला वाटत नाही. हे लिहिताना मला रडू येते आहे आणि संतापही येतो आहे.

यंदा रॉय्स दगड ओतत असताना मी कुंपणापाशी गेले होते.

"रॉय्स, खाली माझी आई आहे."

"असेल ना वहिनी, मी कुठं नाही म्हणतोय? पण कागद आहे का एखादा? काउंटीच्या कचेरीत त्या कोपऱ्याची नोंदच नाही."

"मी इथं उभी होते."

"सहा वर्षांच्या होतात! अहो, तुमच्या आठवणीसाठी बस थांबणार आहे का? डॅल्बीसाठी थांबते. मग ती माणसं नादीनच्या हॉटेलात जेवतात, हॉलिसकडं दाढी करतात. स्वयंपाकिणीच्या थडग्याशी कोण उतरणार, सांगा बरं."

माझी पंचाईत अशी की जेवणाचे आणि दाढीचे तो खरेच बोलत होता. रात्रंदिवस मला हेच सतावते. म्हणून,

कलम ४. त्या दगडांशेजारची जागा मी काउंटीकडून रीतसर घेऊन ठेवली आहे. मला तिथेच पुरावे आणि माझ्या दगडावर आईचे नाव माझ्या नावाच्या वर कोरावे. मग रॉय्सला कागदच कागद मिळतील.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी नादीन प्रूइट आणि हॉलिस टॅकेट आले. पुढचा मजकूर नंतर लिहिलेला आहे, पण सहीच्या आधी, म्हणून तो धरावा.

नादीनने उभ्याउभ्याच सगळे वाचले. ती माझी शेजारीण, आणि तिच्या तोंडाला कधी कुलूप नसते.

"ग्राशी, हे सगळं तू मेल्यावर?"

"मृत्युपत्र आहे बाई. मेल्यावरच असतं."

"आणि त्या डॉक्टरनं तुला वाचवलं तर? पाटी तशीच? मग काय, आईच्या थडग्याशी बसून दोष देणार आहेस डॉक्टरला, का वाचवलंस म्हणून?"

हॉलिस अजून काळ्या कोटातच होता. "माप घेऊन ठेवू का?" असे त्याने विचारले. मी त्याला गप्प बसवले. मी तीनदा उठले, तीनदा बसले. माझा जीव वाचावा म्हणून सगळे गाव प्रार्थना करते आहे, आणि मी वाचले तर आई आणखी दहा वर्षे डॅल्बीच राहणार, असला कागद मी लिहून बसले होते.

मी मागच्या खोलीत गेले. व्हर्ननने पांढऱ्या रंगाचा हात देऊन ठेवलेली एक कोरी पाटी भिंतीला टेकलेली होती. काळा रंग घोटला आणि हात काठीवर टेकवून लिहिले: काटालिन इटुरी. हिच्या हातचे सारे गाव जेवले. अक्षरे वाकडी आली. व्हर्नन असता तर पुसून परत काढायला लावली असती.

रंग ओला असतानाच आम्ही तिघे नादीनच्या गाडीतून कबरस्तानात गेलो. नादीनने जॅकच्या दांड्याने जुनी पाटी उपटली. मी नवी रोवत होते तेवढ्यात फेरीची बस आली आणि छातीवर तारा लावलेला रॉय्स पाहुण्यांना घेऊन उतरला.

"वहिनी! काय चाललंय हे? पाहुणे आहेत!"

"पाहुण्यांनाच सांगते," मी म्हणाले. आणि सांगितले. दगडी पोरगा, मेंढ्या, निरोप, सगळे. नेहमीच्या फेरीत मी कशी रुबाबात बोलते, तसे काही जमले नाही. सांगून झाले तेव्हा दोघेतिघे बसकडे वळून पाहू लागले, आणि मला वाटले, रॉय्सचेच खरे ठरले.

तेव्हा उन्हाने लाल झालेल्या एका जाड्या बाईने विचारले, "जेवायला काय काय करायच्या त्या?"

आजवर मला हे कोणी विचारले नव्हते. मी सांगू लागले. लसणीचे सूप, शिळा पाव घालून. मेंढीचे मांस आणि घेवडा. शनिवारी जिभेचा रस्सा. डोंगरावरून उतरलेले पुरुष टेबलाशी बसले की आधी पाव मोडत आणि कोणी बोलत नसे. दुसऱ्या कोणीतरी विचारले, रश्शात काय घालायच्या? बसवाला भोंगा वाजवत राहिला, पण कोणी हलले नाही.

रॉय्स पाटीपाशी आला, दोन बोटांनी ढकलून पाहिली.

"हा खड्डा कुणी खणला? पहिल्याच वाऱ्याला आडवी होईल." मग गाडीतून पहार आणि फावडे आणले, कोट काढून माझ्या हातात दिला आणि खणायला लागला. खणताखणता वर न बघता म्हणाला, "डॅल्बीला मी आता कुठं ठेवू, वहिनी?"

"कुठंही ठेव. तो कुठंच नव्हता, त्याला काय फरक पडतो?"

तेव्हा कलम ३ मधील अट मी रद्द करते. भिंत समितीची, बिनशर्त. चित्र काय काढायचे ते टॅमसिनने आणि समितीने ठरवावे. डॅल्बीच काढलात तरी मी भांडायला येणार नाही. कलम ४ कायम राहील, पण त्याची कोणीही घाई करू नये. मला सोमवारची फार भीती वाटते. हे मी नादीनलाही सांगितलेले नाही. आता ती साक्षीसाठी वाचेल तेव्हा तिला कळेल.

नादीनच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करते. बॉनेट तापले आहे, वारा कागद ओढतो आहे, आणि दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर उभे आहेत.

ग्रासियाना इटुरी लार्किन

साक्षीदार:
१. नादीन प्रूइट, हॉटेलवाली. वाचले. रीनोला मी येते आहे, वाद घालू नकोस.
२. हॉलिस टॅकेट, न्हावी. माप घेतलेले नाही.

ठिकाण: काटालिन इटुरी यांची कबर, ड्राय फोर्ड
शनिवार, १४ जून २०१४

रॉय्स लार्किन. समितीचा अध्यक्ष असल्याने साक्षीदार होता येत नाही. खड्डा मी खणला.