सहाची भूक

५ सप्टेंबर, द्राख्तेन

उद्या निघायचं. कॅरॅव्हॅन धुऊन, चाकांत हवा भरून तयार. आफ्केची अट मी एप्रिलमध्येच मान्य केली होती, तरी आज तिने ती पुन्हा माझ्याकडून वदवून घेतली. गाडीने ल्योंपर्यंत जायचं. वाटेत तिने निवडलेल्या रेस्टॉरंटांत रात्रीचं जेवायचं. दोघांनी, समोरासमोर बसून, सावकाश. ती चमच्यालाही हात लावणार नाही, म्हणजे रांधायच्या. परतीच्या वेळी ती ठरवणार की माझ्याबरोबर घरी यायचं, की ग्रोनिंगनला बहिणीच्या फुलांच्या दुकानावर जी खोली आहे तिथे राहायला जायचं.

नीन्केचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, आई गंमत करत नाहीये हं. मी म्हटलं, पोरी, तुझ्या आईला मी छत्तीस वर्षं ओळखतो. ती म्हणाली, तेच तर. आजकालच्या मुलींचं बोलणं अर्धवटच असतं.

संकल्प: सगळीकडे पोटभर जेवायचं आणि तोंडभर कौतुक करायचं. यात अवघड ते काय?

कॅरॅव्हॅनच्या बाकाखाली जागा रिकामी दिसली म्हणून थोडं सामान भरलं. ब्रेड, चीज, पीनट बटर, खारवलेले हेरिंग मासे. अडीअडचणीला असावं.

७ सप्टेंबर, गेंट

टेबल साडेसातचं. मी आफ्केला साडेपाचलाच घेऊन गेलो. लवकर पोचलो तर लवकर वाढतील असा विचार. दाराला कुलूप. आत एक माणूस खुर्च्या लावत होता, त्याने काचेआडूनच पाटीकडे बोट दाखवलं. बेल्जियन माणसाला माणुसकी कमीच.

आमच्याकडे सहाला जेवायचं म्हणजे सहाला. कालव्यावरचा पूल उघडायचं काम मी इतकी वर्षं केलं, पण हा हेसल, म्हणजे मी, जेवायला बसला की पूल बंद. श्रीमंतांच्या बोटी खाली ताटकळत उभ्या असायच्या. कधी कोणी तक्रार केली नाही. (एकाने केली होती. तो जर्मन होता.)

आफ्के म्हणाली, चल, तोवर नदीकाठी फिरू. मी म्हटलं, तू फिर, मी गाडी नीट लावून येतो. गाडी नीटच होती. चीजचे दोन सँडविच खाल्ले, तेवढाच आधार.

साडेसातला कोंबडीचा दाट, साईसारखा रस्सा आला. निम्मा ठेवला. आफ्केने विचारलं, काय काय लागतंय तुला यात? मी म्हटलं, कोंबडी. ती वाट बघत राहिली, म्हणून म्हटलं, आणि गरम आहे. मग ती खिडकीबाहेर बघत जेवली. समाधानी दिसली.

९ सप्टेंबर, रेंस

आजचा घोळ माझ्यामुळे झालेला नाही. टेबल कालचं, रविवारचं होतं. पण गेंटमध्ये गॅसच्या नळीचा वायसर ढिला वाटला म्हणून मी एक दिवस थांबलो. सुरक्षितता आधी. आफ्के म्हणाली होती, सोमवारी इथली सगळी बंद असतात रे. मी म्हटलं, धंदा करायला बसलेला माणूस सोमवारी दार लावून बसेल का?

बसतो.

आफ्के बंद दारापाशी उभी राहून काचेतला मेन्यू वाचत होती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. मी म्हटलं, बघून पोट भरणार आहे का? मग चर्चसमोरच्या बाकावर तिला पीनट बटर लावलेला ब्रेड दिला. ऊन कलतं झालं होतं, सहा वाजले होते, वारा नव्हता. मी म्हटलं, याहून रोमँटिक काय असतं सांग. तिने अर्धा खाल्ला, उरलेला कबुतरांना टाकला. पहिल्यापासून मुक्या जनावरांची तिला फार माया.

११ सप्टेंबर, बोन

नवा संकल्प: सहाला काही खायचं नाही. टेबल आठचं आहे, आठलाच जेवायचं. मी काही लहान मूल नाही.

५.५० – उत्तम. मन कणखर असलं की झालं.
६.०५ – पोटात कावळे.
६.१० – एका हेरिंगला जेवण म्हणत नाहीत.
६.२० – तीन झाले. कांद्यासकट. आता मात्र बस.

आफ्के आंघोळ करून आली आणि म्हणाली, मासळीचा वास कसला रे? मी म्हटलं, फ्रान्स आहे, येणारच. तिने निळा ड्रेस घातला होता. नवा असावा. किंवा नीन्केच्या लग्नातला. विचारणार होतो, पण मग तोंड उघडावं लागलं असतं.

जेवणाबद्दल: आधी गोगलगायी, मग लाल वाइनमध्ये शिजवलेली अंडी. दोन्हींच्या मध्ये एवढा वेळ की एखादा नवा पूल बांधून झाला असता. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा वाढणारी बाई माझी ताटली उचलत होती आणि आफ्के तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलत होती. घडाघडा. दोन हिवाळे ती संध्याकाळच्या वर्गाला जात होती हे मला माहीत आहे. घराबाहेर पडायला बरं म्हणून जाते असं वाटायचं. शिकलीसुद्धा!

अंडी कशी होती, मी विचारलं. म्हणाली, तुझ्या ताटलीतली का माझ्या? हुशार बाई आहे.

१३ सप्टेंबर, आर्ब्वा

छान दिवस. पिवळ्या वाइनमधली कोंबडी, वर रानातले मशरूम. (आधी फक्त एक सँडविच. अर्धाच म्हणा ना.)

मी सफरचंदाची चटणी मागितली. आमच्याकडे कोंबडीबरोबर ती नसली तर पोरं ताट पुढे ढकलतात. वर सांगितलं की कॉफी, गोड आणि चीज सगळं एकदमच आणा, म्हणजे तुमच्याही खेपा वाचतील. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून खुद्द मालकीणबाई आल्या. दणकट बाई, कमरेवर हात. मला काहीतरी लांबलचक बोलल्या. आफ्केने उत्तर दिलं, आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या. वातावरण मोकळं करायला मी असतोच.

चटणी आली नाही.

परतताना गाडीत आफ्के म्हणाली, हेसल, मला काहीतरी विचार. मी म्हटलं, काय विचारू? ती म्हणाली, काहीही. माझ्याबद्दलचं असं काहीतरी, जे तुला माहीत नाही. मी पुष्कळ विचार केला. वळणावळणाचा रस्ता होता, तरी केला. मग विचारलं, निघताना गॅस बंद केला होतास ना?

केला होता म्हणाली.

एकूण आमचं बोलणं वाढलंय.

१५ सप्टेंबर, ल्योंच्या अलीकडे कॅम्पिंगवर

आज बरं नाही झालं.

आफ्के कपडे धुवायला गेली होती. मशीन बिघडलेली, म्हणून लवकर परत आली. मी कोट-टाय घालून बाकावर बसलो होतो, हातात सँडविच, मांडीवर रुमाल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पायरीवर बसली आणि म्हणाली, म्हणजे रोज? मी म्हटलं, रोज नाही, आर्ब्वाला अर्धाच. ती म्हणाली, रोज मी समोर बसून वाट बघत होते, की आज तरी तू माझ्याबरोबर जेवशील. आणि तू घरून जेवून आलेल्या पाहुण्यासारखा बसायचास.

मी म्हटलं, पोटाला सवय असते, त्याला मी काय करू? वेळच्या वेळी खावं असं डॉक्टरसुद्धा सांगतात.

मग ती म्हणाली, तुझा पूल सहाला बंद, म्हणून मी साडेपाचला बटाटे उकडले. नीन्केच्या नाटकाला अर्ध्यातून उठून आले. आई आजारी होती, तिचा हात सोडून आले. आता पूल लेवार्डनहून कोणीतरी बटण दाबून उघडतं. सहालाही उघडतं. मग आता कोणासाठी थांबायचं रे?

नीन्केच्या नाटकाचं मला आठवतच नव्हतं. आईचं आठवत होतं.

सँडविच परत डब्यात ठेवला. नंतर खाल्ला, पण चव नव्हती. चीज जुनं झालं असावं.

१६ सप्टेंबर

शेवटचा आणि पक्का संकल्प. ब्रेड, चीज, हेरिंग सगळं शेजारच्या डॅनिश जोडप्याला देऊन टाकलं. पीनट बटर ठेवलं, कारण उघडलेली बरणी कोणाला देणं बरं दिसत नाही.

उद्या ल्योंचं जेवण. आफ्केने एप्रिलमध्येच टेबल धरून ठेवलं होतं, सगळा प्रवास याच्यासाठी म्हणाली होती. मी तिला सांगितलं, उद्या बघच तू. ती म्हणाली, बघते. हसली नाही, पण बघते म्हणाली. याचा अर्थ अजून काही बिघडलेलं नाही. मला झोप लागली नाही ती डासांमुळे.

१७ सप्टेंबर, ल्यों

दुपारी मुद्दाम उपाशी राहिलो. भूक साठवायची.

चारपर्यंत मजेत. पाचला हातपाय गळाल्यासारखे. आफ्के केस कापून घ्यायला गावात गेली होती. सहाला डॅनिश लोकांच्या तंबूतून बटाटे परतल्याचा वास. तेही सहालाच जेवतात. माणसं चांगली आहेत हे मला आधीच कळलं होतं. मी नुसता नमस्कार करायला गेलो. त्यांनी आग्रह केला. डॅनिश माणूस नाही म्हटलेलं मनाला लावून घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन ताटल्या झाल्या.

आठ वाजता टेबल. छोटी जागा, टेबलं एकमेकांना चिकटलेली. माशाच्या मऊ वड्या आल्या, फुगून हाताएवढ्या झालेल्या, वर दाट रस्सा. आफ्केचे केस छान कापले होते. ती माझ्याकडे बघत होती, पहिला घास घेईपर्यंत. मी घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला कपाळावर घाम आला. म्हटलं, उकाड्याने भूक मेलीय गं.

तिने काटा खाली ठेवला, परत उचलला.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी आपल्या ताटलीतला आतड्याचा एक तुकडा आफ्केला चाखायला दिला. परक्या बाईला, स्वतःच्या ताटलीतून! तिने चाखला, डोळे मिटले, काहीतरी म्हणाली, आणि तिघंही बोलायला लागले. ती हात हलवून बोलते हे मला नव्याने दिसलं. मी म्हटलं, गाडी बघून येतो. गाडीत बसून टायची गाठ सैल केली, जरा बरं वाटलं. परत आलो तेव्हा टेबलं जोडलेली होती आणि मधल्या गोडाभोवती चार चमचे. तीन वापरलेले.

सगळ्यांची मनं प्रसन्न होती. हे जेवण यशस्वी झालं असंच मी धरतो.

१८ सप्टेंबर

सकाळी डॅनिश बाई माझी टोपी परत द्यायला आली. आफ्केला म्हणाली, तुमचे यजमान काल बटाटे काय आवडीने जेवले, आम्हाला फार आनंद झाला. एवढं सविस्तर सांगायची गरज नव्हती.

आफ्केने बॅग भरली. दुपारची आगगाडी, नीन्केने तिकीट काढलं होतं. कधी काढलं ते मी विचारलं नाही. स्टेशनपर्यंत बॅग मी उचलली. तिनेही उचलू दिली.

फलाटावर म्हणाली, हेसल, मी भांडून नाही चालले रे. मला नुसती भूक लागलीय. कधीची.

मी म्हटलं, समोरच सँडविच मिळतात, आणू का?

ती हसली. हसता हसता डोळे पुसले, माझी कॉलर नीट केली आणि डब्यात चढली. हसली, म्हणजे राग नाही. एक-दोन आठवडे बहिणीकडे राहील, फुलांना पाणी घालून कंटाळेल. कॅरॅव्हॅनचं वजन कमी झाल्याने पेट्रोलही वाचेल.

पेट्रोलचं का लिहिलं कोण जाणे.

१९ सप्टेंबर

सकाळीच निघायचं होतं. निघालो नाही. नकाशा काढला, घडी घातली, परत काढला. घड्याळ बघितलं तेव्हा सात वाजून गेले होते. सहा कधी वाजले ते कळलंच नाही. असं आजवर कधी झालेलं नाही.

गावात चालत गेलो. पाय परवाच्याच दारापाशी थांबले. इथल्या मालकीणबाईंनी ओळखलं. मादाम कुठे, असं विचारलं असावं. मला फ्रेंच येत नाही. हाताने आगगाडी जाताना दाखवली. त्यांनी मान हलवली, समोरची ताटली उचलली आणि न विचारताच त्या माशाच्या वड्या आणून ठेवल्या.

भूक होती. सगळं खाल्लं. रस्सा आधी गोडसर लागला, मग समुद्रासारखा, आणि मागून काहीतरी हळूच येत होतं, ते काय ते ओळखू येईना. जायफळ असेल. आफ्केने पहिल्या घासाला सांगितलं असतं. परवा ती माझ्याकडे बघत थांबली होती ती याच घासासाठी. पावाने ताटली पुसून घेतली, इथले लोक घेतात तशी. इतकं चांगलं मी कधी जेवलो नव्हतो, आणि हे सांगायला मान वर केली.

समोरची खुर्ची बाईंनी मघाशीच पलीकडच्या टेबलाला लावली होती.